साडूंची सुई

आकाशातून दगड आदळून लोणारचं सरोवर झालं म्हणतात. त्यानंतर त्या गावावर आदळलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे माझे डॉक्टर साडू. महाराष्ट्र नवा नवा होता. मुंबईत गणकयंत्र आल्याची बातमी त्यांनी पेपरात वाचली आणि आपल्या दवाखान्यातही रोग ओळखणारं यंत्र पाहिजेच, असं ठरवून टाकलं. दवाखान्यात वीज नव्हती. मग त्यांनी बायकोची, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीची, विणकामाची एक सुई 'दोन दिवसांसाठी' मागून घेतली. आक्का तेव्हा त्यांच्यासाठीच स्वेटर विणत होती. तो एका बाहीवर थांबला तो थांबलाच. "एका सुईनं काय विणू? मीबी रोग पाडत बसू?" असं ती वर्षानुवर्षं विचारायची आणि साडू तिला सुईऐवजी चहा करून द्यायचे.

यंत्राचा दुसरा भाग म्हणजे लग्नपत्रिका. साडू कुठलंही लग्न चुकवत नसत, पण जेवणासाठी नव्हे. पत्रिका हातात पडली की अंगठ्यानं तिची जाडी बघत. "पातळ हाये. लग्न टिकन, रोग नाही टिकनार," असं एकदा ते वराच्या बापासमोरच बोलले. जाड पत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते एकेक रोग लिहीत, म्हणजे एका रोगाचा एक पत्ता, आणि कडेनं भोकं पाडत. एकेक भोक एकेका लक्षणाचं. ज्या रोगात ते लक्षण दिसतं, त्याच्या पत्त्याचं भोक कडेपर्यंत कापून टाकायचं. मग रोग्याला लक्षण विचारायचं, त्याच्या भोकातून सुई आरपार घालायची, गठ्ठा उचलून हलवायचा. जुळणारे रोग टपाटप खाली, बाकीचे सुईला लटकलेले. पडलेल्यांतून पुढच्या लक्षणाला पुन्हा सुई. एकदा नातवाला घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्यानं खाली पडलेल्या पत्त्यावरचा गणपती पाहून हात जोडले नि विचारलं, "कवा हाये लग्न?"

"लग्न नाही, नातवाले गोवर हाये," साडू म्हणाले.

रोगांची त्यांनी खानदानंही लावली होती. "हिवताप हा तापाचा लेक. बापाले जे लागू, ते लेकाले लागू," असं ते रोग्यांना शिकवत. त्यावर एका शेतकऱ्यानं विचारलं, "मंग डाक्टर, माहा पोरगा माह्यासारखा काऊन नाही?" साडू त्या दुपारी जेवले नाहीत.

आम्ही सगळे हसायचो. मग माझी बायको आजारी पडली. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. दुसरबीडला औषधं झाली, जालन्याला झाली, आणि ती वाळत चालली. तिला घेऊन एसटीनं लोणारला आलो तेव्हा मी आतून पार घाबरलेलो होतो. साडूंनी तिला खोदून खोदून विचारलं. एकेका लक्षणाला पत्ते कमी होत गेले. शेवटच्या लक्षणाला सुई घालून उचलली, हलवली. एकही पत्ता पडला नाही. पुन्हा हलवली. सगळे लटकलेलेच.

"म्हंजे हिले काही रोगच नाही ना?" मी आशेनं विचारलं.

साडू माझ्यावर चिडलेले मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिले. "साडभाऊ, पत्ता पडला नाही म्हंजे रोग नाही, असं होत नाही. तो पत्ता माह्याजवळ नाही, एवढंच."

भर बाजाराच्या दिवशी त्यांनी दवाखाना बंद केला आणि आम्हाला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. कच्च्या दुधातून येणारा ताप निघाला. बायकोला शेळीचं धारोष्ण दूध प्यायची सवय होती. ती बरी झाली. तोवर साडू तिथून हलले नाहीत, आणि निदान कळलं त्या दिवशी नातू झाल्यासारखे पेढे त्यांनीच वाटले. आमच्या घरी येताच त्यांनी जाड पत्रिका मागितली. बायकोच्या ट्रंकेत आमच्याच लग्नाची एक उरली होती. "लग्न तर झालं, आता तिचं काय काम?" म्हणून ते ती घेऊन गेले. आमच्या लग्नाच्या पाठीवर तो ताप असा कायमचा बसला.

साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यासारखा भला माणूस मी पाहिला नाही. परवा लोणारला गेलो तेव्हा बायकोनं त्यांची पेटी उघडली. पत्ते सुईत ओवलेले तसेच होते, सगळ्यात वर आमची पत्रिका. कपाटात तो एका बाहीचा स्वेटरही होता.

"आक्का, आता तरी सुई घे तुझी," बायको म्हणाली.

आक्कानं पेटीचं झाकण हळूच लावलं.

"राहू दे वं. त्याईले लागन."