घोट्याच्या जखमेवर मुठेल

मंडळी, आज दुपारचं जेवण गेलं नाही.

माझ्या घोट्यावरची जखम वर्षभर भरत नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. दवाखान्याचं मलम लावून घट्ट पट्टी बांधायची, एवढंच करत होतो. गेल्या आठवड्यात पावस गावची मेहुणी आली. म्हणाली, "भावोजी, टाचेच्या भेगांना मुठेल लावता, मग ह्याला काय झालं?" कोकमाचं ते तेल वितळवून तिने जखमेवर ओतलं, वर मशेरी दाबली आणि पट्टी आठवडाभर सोडायची नाही म्हणाली. पाहुणीला नको कसं म्हणणार?

आज सूनबाईने पट्टी सोडली. असा वास सुटला की मांजरसुद्धा उठून गेलं. आत काळा चिखल आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. माझाच पाय, पण मला बघवेना. शी!

सूनबाई नाक दाबून म्हणाली, "बाबा, पावसच्या मावशींना बोलवा. म्हणावं, आता तुम्हीच धुवा."

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम साफ केली. म्हणाले, "आजोबा, पुन्हा असलं काही लावलंत तर पाय कापावा लागेल."

आत्ताच मेहुणीचा फोन आला. "गुण आला ना? उरलेलं मुठेल घेऊन रविवारी येते."

मी "या" म्हणालो. आता तिला पायाला हात लावू नका म्हणून कसं सांगू?