उसाच्या कडेचा हिवाळा

वारूळवाडीच्या शिवारात आमचं घर उसाला लागून आहे. त्या हिवाळ्यात ऊसतोड सुरू झाली आणि बिबट्या अंगणाच्या कडेला दिसू लागला. सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा दुपार कलली की घरात कोंडले जात. थंडी संपता संपत नव्हती.

वनखात्याचा पिंजरा आला तेव्हा त्याचंही उद्घाटन झालं. पुढाऱ्यांनी नारळ फोडला, लोखंडी दाराला हार घातला आणि भाषणात बिबट्याला कडक इशारा दिला. बिबट्या हजर नसल्यामुळे टाळ्या आम्हीच वाजवल्या. मग आतल्या कप्प्यात आमिष म्हणून शेळी बांधून मंडळी चहाला गेली.

काही दिवसांनी मुलीने धाकट्याला कॉटखाली बसवलं आणि पुढे खुर्ची आडवी लावली.

"तू शेळी. वरड."

"मी न्हाई. तू हो शेळी."

"लहान असतो त्योच शेळी व्हतो," ती समजुतीने म्हणाली. तो खरोखरच ओरडू लागला.

बायको भाकरी थापत होती. पिठाच्या हातांनीच ती बाहेर आली.

"ऐकलं का? जुन्नरला खोली बघा. उद्याच."

"आणि गाईंची धार कोण काढणार?"

"तुमी काढा. मी दोघांना घेऊन चालले."

रविवारी तिघं एसटीत बसली. गाडी सुटली तेव्हा मला आधी हायसं वाटलं. वाईट वाटलं ते नंतर, रिकाम्या घराची कडी आतून लावताना.