जिन्यातलं टेबल

ओल्या वाळ्याचा वास आला, की आजही मला माझ्या टेबलाची काळजी वाटू लागते. मनीषनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत सासरे जरीपटक्याच्या बाजारातून कूलर घेऊन आले, त्या दुपारी तो वास प्रथम घरात शिरला. पाठोपाठ ध्यानात आलं, की कूलर खिडकीहून मोठा आहे.

“काहून घाबरून राहिली, सूनबाई? अ‍ॅडजस्ट होते सारं.”

शब्दकोश या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ ‘जुळवून घेणे’ असा सौम्यपणे देतो. कोणी घ्यायचं, हे मात्र सांगत नाही. कूलरने तर घेतलं नाही. त्याच्यासाठी खिडकीची चौकट निघाली, कपाट सरकलं, कपाटामुळे फ्रिज बाल्कनीच्या दाराला टेकला, आणि आमची धुणी शेजारच्या काकूंच्या बाल्कनीत वाळू लागली. उरलं माझं टेबल. ते जिन्याच्या वळणावर गेलं.

त्यावर माझ्या पहिल्या कवितासंग्रहाची मुद्रितं होती. आठवड्याभरात तपासून दिली नाहीत, तर छापखाना दुसरं काम हाती घेणार होता. इमारतीने मात्र टेबलाला सोसायटीचं कार्यालय मानलं. कुरिअरवाला पाकिटं ठेवून जाई. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी एका कवितेच्या समासात टँकर न आल्याची तक्रार सहीनिशी नोंदवली. तिला लय होती. खोडताना माझा हात क्षणभर अडला.

शेवटच्या दुपारी अकरा पानं राहिली असताना तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ दोन हमालांसह नवा सोफा घेऊन वर आले.

“वहिनी, थोडं अ‍ॅडजस्ट करून घ्या नं.”

“नाही,” मी म्हणाले. माझाच आवाज मला जिन्यातून परत ऐकू आला.

“नाही? मंग हा सोफा का डोक्यावर घेऊन उभं राहावं आम्ही?”

“अकरा पानं राहिलीत. तोवर टेबल हलणार नाही.”

त्यांनी सोफ्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. मग सोफा पायऱ्यांवरच तिरका टेकवला, आणि तिघेही त्यावर एका बाजूला कलून बसले. कोऱ्या रेक्झिनचा आणि घामाचा वास दाटला. हमालांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला घेतला. माझं पेन थांबलं, की त्यांचे हातही थांबत.

अखेरच्या पानावर मी तारीख घातली. गृहस्थ अर्धवट उठले आणि अत्यंत अदबीने, जवळजवळ कुजबुजत त्यांनी विचारलं,

“झालं?”