देबबर्मांच्या वाट्याची रम

त्रिपुरातल्या आमच्या पोस्टवर रेशनच्या कोठारात एक अजगर होता. दिवसभर छताच्या बांबूवर पडून राहायचा, रात्री उंदरांसाठी खाली उतरायचा. त्याच्याकडे नायक देबबर्मा बघत. मी आणि शेख रशीद, दोघंही वसमतजवळच्या कुरुंदा गावचे, तेव्हा नवे जवान होतो.

"इसको गुस्सा नहीं आता," देबबर्मा सांगत. "पर गंध आया तो सोचता भी नहीं. पहले डंडा, फिर हाथ."

काठी अंगाला लागली की आज खाणं नाही, हे अजगराला कळायचं. एकदा कुक काठी विसरला. अजगराने त्याचा हात धरला, तेव्हा देबबर्मांनी अजगराच्या तोंडात रम ओतून हात सोडवला.

पुढे देबबर्मा गस्तीवर गेले ते परतले नाहीत. त्यांच्या स्मृतिदिनी मी आणि रशीद दरवर्षी त्याच्या मळ्यात भेटतो. कॅन्टीनची रम मी नेतो. रशीद पीत नाही, पण उस्तादांचा, म्हणजे देबबर्मांचा, पेग तोच जमिनीवर ओततो.

निवृत्तीनंतर रशीदने हैदराबादच्या एका शौकिनाकडून परदेशी जाळीदार अजगर आणला, रीतसर कागदपत्रांसह. मळ्यात जाळीची खोली बांधली, आत कडुलिंबाची जाड फांदी रोवली. माणसाच्या दुप्पट लांब जनावर, कधी फांदीवर, कधी जमिनीवर. स्वभावाने गरीब. तरी मी जाळीच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"हवालदार, गोळीला भ्याला न्हाईस, अन् याला काहून भिऊन राहिला?" रशीद चिडवायचा.

त्या वर्षी नेमकी स्मृतिदिनालाच दर्ग्यावर कंदुरी होती. रशीद पंगतीत मटण वाढून थेट मळ्यात आला. हात धुतले होते, वास गेला नव्हता. पाण्याचं भांडं बदलायला तो आत शिरला. काठी दाराशीच राहिली.

"रशीद, काठी!"

तोवर अजगर फांदीवरून सुटला होता. मनगट जबड्यात, दोन वेढे दंडाला, तिसरा गळ्याला.

"ओढू नको," रशीद घोगऱ्या आवाजात म्हणाला. "शेपटीकडून..."

पुढे आवाज फुटेना. त्याचा चेहरा काळानिळा पडत चालला. खरं सांगतो, पळून जावंसं वाटलं. शेपटीकडून एक वेढा सोडवला की तो पुन्हा बसायचा. जबडा सुटल्याशिवाय काही खरं नव्हतं. मग पिशवीतली बाटली आठवली. बूच दातांनी काढलं आणि सगळी रम त्या जबड्यात ओतली.

जबडा उघडला. वेढे सैल पडले. मी रशीदला खेचून बाहेर काढलं, कडी लावली आणि तिथेच खाली बसलो. अजगर मुकाट्याने फांदीवर चढला.

वसमतला टाके घालून परतलो तेव्हा अंधार पडला होता. रशीद घरी जाईना. डाव्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन तो नेहमीच्या जागी उभा राहिला. मीही तांब्याला हात लावला.

"उस्ताद," तो म्हणाला, "आज पान्यावर भागवा. तुमचा पेग माझ्यापायी गेला."