माप आभाळाचं

फोटोच्या क्लासात त्याला सगळे आभाळमास्तर म्हणायचे, कारण वाक्यागणिक त्याचं आभाळ यायचं. “उजेड माणसाच्या मागे ठेवा. उजेड मोजताना माप आभाळाचं घ्या, माणसाचं नाही. माणूस आपोआप काळा पडतो,” हे तो नाकातून, शेवटचा शब्द लांबवत सांगायचा. गल्लीतली पोरं हुबेहूब नक्कल करायची.

माणूस म्हणजे त्याची बायको. दुसरं कोण फुकटात उभं राहणार? सूर्य कलला की टेकाडावर तिची कवायत सुरू. “बाजूने वळ. हनुवटी वर. हात अंगाला चिकटवू नकोस, मधून उजेड दिसू दे, नाहीतर पोतं दिसतेस.” तिच्यामागे झाड येऊ नये म्हणून तो स्वतः मातीत आडवा. “हलू नकोस.” ती हलायची नाही. तिच्या काळ्या आकृतीला बक्षिसं मिळाली. सगळी मास्तरच्या नावावर.

एकदा तो क्लासातून परतला तर दाराला कुलूप, किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवलेली, आणि आत कपाट अर्धं रिकामं.

चौकीत मेहुणीही आली. हवालदाराने फोटो मागितला. मास्तरने मोबाइल पुढे केला. हवालदार बोटाने फोटो सरकवत राहिला. सरकवतच राहिला.

“मास्तर, यात वहिनी कोणत्या आणि खांब कोणता?”

“नाकाची रेघ बघा ना, किती स्वच्छ आलीय.”

“रेघ घेऊन दारोदार फिरू का? तोंड दिसेल असा दाखवा.”

तसा नव्हता. लग्नातलाही त्याने मित्राला शिकवून खिडकीपुढे काढून घेतला होता. ओळखपत्रं ती घेऊन गेली होती. मास्तरने मोबाइलवर सावली उजळून पाहिली. चेहऱ्याच्या जागी नुसती राखाडी वाळू उमटली.

“बरं, काही खूण? तीळ, व्रण?”

“तीळ आहे,” मास्तरला हुरूप आला. “गालावर.”

“कोणत्या?”

मास्तरचा हात उजव्या गालाकडे गेला, मग डाव्या. मग मांडीवर येऊन पडला.

 मेहुणी रडत नव्हती, हे त्याला आत्ता दिसलं.

“हनुवटीखाली आहे, भाऊजी. जी तुम्ही रोज वर करायला लावायचात.” मग ती हवालदाराला म्हणाली, “शोधू नका साहेब. ताई सुखरूप आहे. यांना पत्ता द्यायचा नाही, एवढंच सांगितलंय तिने.”

ती उठून दारात गेली. पलीकडे लख्ख ऊन होतं. चप्पल घालायला ती बाजूने वळली, आणि कॅमेऱ्याच्या सवयीने मास्तरचा एक डोळा मिटला.