पोळ्याच्या ओळीतली गाडी

लातूरला जुन्या गाड्यांच्या बाजारात मी ही गाडी पहिल्यांदा बघितली, तेव्हा विकणाऱ्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं, मग माझ्या मागं कोणी भाऊ, नवरा उभा आहे का तिकडं.

"मॅडम, ही चिखलातली गाडी हाय. स्कूट्या तिकडल्या लायनीत हायत."

मी म्हणाले, "मला चिखलातच जायचंय."

खोटं नव्हतं. मी किनवट तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. सुटीला गेलेल्या मुली परत आल्या नाहीत की त्यांच्या गावी जाऊन घेऊन यावं लागतं, आणि ती गावं अशी, की डांबर संपल्यावर खरा रस्ता सुरू होतो. तिथं साधी गाडी पोट घासत चालते. ही उंच, अंगानं बारीक, टायरला बोटाएवढ्या गाठी. डर्ट बाईक म्हणतात ते तिला बघूनच कळतं. उभ्यानं चालवायची.

आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नांदेडला राहून बी.एस्सी. केलं. हे मी कुणालाही सांगते, त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण गाडी दुरुस्त करायला मला कॉलेजनंही शिकवलं नाही आणि कुण्या उस्तादानंही नाही. जंगलात बंद पडून पडून शिकले. पहिल्या उन्हाळ्यात ती ओढेना, काळा धूर सोडायला लागली. उघडून बघितलं तर एअर फिल्टरचा स्पंज धुळीनं विटेसारखा झालेला. रॉकेलमध्ये धुतला, पिळला, वाळवला, तेलाचा हात फिरवून बसवला, तर गाडी झोप झालेल्या पोरीसारखी पळाली. एकदा क्लचची तार तुटली. गाडी ढकलत पळाले, तशीच गिअरमध्ये टाकली आणि उडी मारून बसले, शाळा येईपर्यंत थांबलेच नाही. आठवीच्या मुलींनी फाटकातून टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, बाई मुद्दाम करून राहिल्या.

तेव्हापासून माझा एक नियम झाला. बंद पडलेल्या गाडीवर चिडायचं नाही, तिला तीन गोष्टी विचारायच्या. पेट्रोल येतं का? ठिणगी पडते का? हवा मिळते का? ती खोटं बोलत नाही. माणसांपेक्षा बरी.

आता पोळ्याचं सांगते.

आमचं गाव बिलोलीकडचं. पोळ्याला दुपारून सगळ्या गावाचे बैल मारुतीच्या पाराशी ओळीनं उभे राहतात. बैलांचं लग्न लागतं, मंगलाष्टका होतात, मग मारुतीला फेरी. ओळीत कुणाचं घर कुणाच्या मागं, हे ठरलेलं. आमच्या घराची जागा पाटलांच्या मागं तिसरी, आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती कळत्या वयापासून कधी चुकवलेली नाही. पण त्यांचे गुडघे गेले आणि यंदा त्यांनी जोडी विकली. शेती ट्रॅक्टरवर आली. ज्याच्या दारात बैल नाही त्यानं मातीचे बैल पाटावर मांडून घरीच पूजा करायची, अशी रीत आहे. मायनं कुंभाराकडून मातीची जोडी आणूनही ठेवली होती. अण्णा तिच्याकडं बघायला तयार नव्हते.

मी आदल्या संध्याकाळी गाडीवरून दारात उतरले. अण्णा ओसरीवर बसले होते. गाडीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून म्हणाले, "बाई, उद्या ओळीत हिला उभी करू."

माय आतून म्हणाली, "लोकं हसतील."

"हसू दे. रानावनात वढती का न्हाई ती माझ्या लेकीला? मंग बैलच की."

तोवर माझा चुलता अंगणात आलेला. त्याच्याकडं अजून जोडी आहे, त्यामुळं त्याचं तोंड त्या दिवसांत जरा जास्तच चालतं. "अण्णा, बैल सोताच्या पायानं पाराला येतो. ढकलत आणलेला बैल म्या तर पाह्यला न्हाई. गाडी सोताहून आली तर जागा तुमची. न्हाई तर माझे बैल एक जागा फुडं घेतो."

"चालू होऊन येईल," अण्णा म्हणाले. माझ्याकडं न बघता. म्हणजे ती माझी जबाबदारी.

त्या संध्याकाळी त्यांनी खांदेमळण केली. बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, वर्षभर जू वागवलेलं असतं म्हणून. अण्णांनी गाडीचे हँडलखालचे दोन्ही दांडे चोळले, वरपासून खालपर्यंत, मन लावून. आणि हळूच तिला म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." मी तोंडावर ओढणी धरून हसले. पण त्यांना रोखलं नाही. तो हात मी लहानपणापासून बघत आले होते.

सकाळी मी मायजवळ पुरण वाटत बसले, तेवढ्यात अण्णांनी गाडी विहिरीवर नेली. दुपारी ढकलत आणली, तेव्हा ओळखू येईना. हँडलला बेगड, आरशांना गोंडे, टाकीवर झूल, हेडलाइटला कुंकू. हँडलला कासरा बांधलेला.

"चालू कर," अण्णा म्हणाले.

मी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही.

"अण्णा, धुतली कशानं?"

"मोटरीच्या पायपानं. लई माती होती."

"पाणी कुठं कुठं मारलं?"

"समदीकडं. बैल अर्धा धुत असतेत का?"

पारावर हलगी वाजायला लागली होती. चुलता दोन्ही बैल घेऊन आमच्याच दारावरून निघाला आणि मुद्दाम थांबला. "काय अण्णा, बसला का बैल?"

अण्णांनी कासऱ्याला उगीच एक गाठ मारली. मला ते बघवेना. मी झूल काढून मायच्या हातात दिली आणि खाली बसले.

पेट्रोल येत होतं. प्लग काढला, ओला होता. म्हणजे पेट्रोल पोचतंय, जळत नाही. प्लग त्याच्या वायरीच्या टोपीत घालून इंजिनाला टेकवला आणि अण्णांना म्हणाले, हातानं किक दाबा. ठिणगी नाही. टोपी झटकली तर आतून पाणी. फुंकून, पुसून, चुलीशी धरून वाळवली. पुन्हा टेकवला, तर निळी ठिणगी. अण्णांच्या तोंडावर जरा रंग आला. मी प्लग बसवून किक मारली. गाडी एकदा खोकली आणि मेली.

मग हवा. फिल्टर काढला, स्पंजातून पाणी पिळलं, तात्पुरता बाहेरच ठेवला. किक. पुन्हा तेच. एक खोकला, आणि हवा जिकडून आत जाते तिकडूनच, उलटी फूस.

तिन्ही प्रश्न विचारून झाले होते. पारावर कुणीतरी मोठ्यानं घरांची नावं पुकारत होतं. चुलता कोपऱ्यावरून ओरडला, "आमी फुडं सरकून राहिलो बरं!"

मी हात गुडघ्यावर ठेवून तशीच बसले. आत आलेली हवा बाहेर जात नसेल तर? ती उलटी का फुसफुसेल नाही तर? मी सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला आणि मायला म्हणाले, किक दाब. तळहाताला वाराच लागेना. वाकून बघितलं. आत काहीतरी पांढरं.

"अण्णा, यात काय आहे?"

अण्णा म्हणाले, "पंचा."

"पंचा?"

"कानात पाणी जाईल म्हणून कोंबला. बैलाचा कान मुडपून धरता येतो, हिचा कसा मुडपावा? मंग इसरून गेलो."

माय झूल पोटाशी धरून खाली बसली हसत. "तीस वर्षं संसार केला, पर बैलाच्या कानात कधी बोळा घातला न्हाई या माणसानं!"

लांब चोचीच्या पकडीनं मी तो पंचा ओढला. तो संपेचना. विहिरीतून दोर निघावा तसा निघत राहिला, काळा होऊन. मग एकच किक. आमच्या गल्लीतल्या कोंबड्या उडाल्या. मी ॲक्सिलरेटर पिळला तो जरा जास्तच पिळला, कोपऱ्यापर्यंत आवाज जावा म्हणून.

मी बसून निघाले आणि वळणावर पुढचा ब्रेक दाबला, तर गाडी थांबेचना. पुढच्या चाकाच्या डिस्कवर खांदेमळणीचं तूप ओघळलेलं. मागच्या ब्रेकवर कशीबशी थांबले, पुढच्या बैलाच्या शेपटाशी. अण्णा मागून लंगडत पळत आले. जागा तिसरी. चुलत्यानं आपली जोडी एक पाऊल मागं घेतली.

पण बैल बुजायला लागले. पुढचा खोंड वेसण तोडायला निघाला. पाटील म्हणाले, "अहो, तेवढं बंद करा. लग्नात घोडा बुजल्यावानी व्हायलंय."

एवढा घाम गाळून चालू केलेली गाडी मी बंद केली. अण्णा नाराज होतील असं वाटलं. ते तर खुशीत कासरा हातात घेऊन पुढं उभे. "बंद कर, बंद कर. चालू हाय ते समद्यांनी ऐकलं, बास झालं." बैलांबरोबर अण्णांवरही अक्षता पडल्या, गाडीवरही. फेरीला अण्णा पुढं कासरा धरून, मी मागून ढकलत. पारामागच्या चिखलात गाडी रुतली, तेव्हा मागून आणखी एक खांदा लागला. चुलत्याचा. "ढकललेला बैल म्या पाह्यला न्हाई म्हनलो व्हतो," तो म्हणाला, "आता पाह्यला."

घरी मायनं पुढच्या चाकावर पाणी घातलं, ओवाळलं, आणि पुरणपोळीचा घास हातात घेऊन अडली.

"तोंड कोन्तं हो हिचं?"

अण्णांनी गंभीरपणे पेट्रोल टाकीचं झाकण दाखवलं. मी ओरडले, "अण्णा, नको!"

तो घास मग अण्णांनीच खाल्ला, उभ्याउभ्या, एक हात सीटवर ठेवून.