‘हाय’च्या फाइली

सर्व्हर म्हणत होता जागा नाही, आणि डिस्क तर अर्ध्याहून जास्त रिकामी. म्हटलं, मेल्या, खोटं कोण बोलतंय, तू की मी?

पेणला रामवाडीत घरी बसून मी रोह्याजवळच्या धाटावच्या एका केमिकल कंपनीचे सर्व्हर सांभाळते. आमचे हे त्याच कंपनीत ऑपरेटर. सकाळी डबा घेऊन ते रोह्याची गाडी पकडतात, आणि दिवसभर त्यांच्या प्लँटचे आकडे माझ्यासमोर पळत असतात. सासूबाई म्हणतात, नवरा काय नजरेआड होत नाय तुझ्या!

त्या दिवशी मी आधी जुने मोठे बॅकअप उडवले. ढिम्म फरक नाही. पुन्हा तेच, जागा नाही. कंट्रोल रूमला फोन लावला तर सुपरवायझर मजेत. “मॅडम, टेन्शन नाय. बोर्डावर सगळं हिरवं हाय.”

बोर्ड म्हणजे वायुगळतीचे आकडे दाखवणारा मोठा स्क्रीन. तो मलाही इथून दिसतो. बघितला, खरंच हिरवा. पण एकही आकडा हलत नव्हता. वायूचा आकडा असा गप्प कधी बसत नाही, थोडा तरी खालीवर होतोच. मग डोक्यात उजेड पडला. सर्व्हर दर तासाला आकड्यांची नवी फाइल काढतो. ती त्याला काढता येत नव्हती, म्हणून बोर्ड मघाचाच आकडा दाखवत बसला होता. हिरवं होतं ते शिळं होतं. गळती झाली असती तरी बोर्ड हिरवाच राहिला असता, आणि भोंगा वाजतो तो बोर्डाच्या जिवावर. आमचे हे त्या वेळी टाक्यांकडे राउंडला गेलेले, आणि आत मोबाइल न्यायला बंदी.

“सगळ्यांना बाहेर काढा. हातातल्या मीटरने तपासा,” मी सुपरवायझरला सांगितलं.

“अवो पण बोर्ड हिरवा हाय ना, उगाच कशाला...”

“मग तुम्ही जाऊन उभे राहा टाकीपाशी!” एवढ्या जोरात ओरडले की सासूबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

“काय गो, काय झालं?”

“काय नाय. नेट गेलंय.” त्यांचा लेक आत आहे, हे कुठल्या तोंडाने सांगू? खूप भीती वाटत होती. पण घोडं कुठे पेंड खातंय ते शोधल्याशिवाय सुटका नव्हती.

शेवटी आयनोड मोजले. एकही शिल्लक नाही! आमच्या गल्लीत गणपतीचा कारखाना आहे. मूर्ती वीतभर असो नाहीतर पुरुषभर, तिला पाट एक लागतोच. शेडमध्ये नाचायला जागा असली तरी पाट संपले की नवी मूर्ती ठेवता येत नाही. आयनोड म्हणजे फाइलींचे पाट, आणि ते किती ते डिस्क तयार करतानाच ठरतं. माझे पाट कुणी अडवले होते? ‘हाय’ने.

राउंडवरून सुखरूप परतलं की माणसाने दरवाज्याजवळ कार्ड टेकवून एक बटण दाबायचं. दाबलं की त्याच्या नंबराची एक रिकामी फाइल तयार होते. म्हणजे मी आहे. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं ‘हाय’. आणि वायरमनने ते बटण लावलं नेमकं देवाच्या फोटोखाली! आता देवासमोरून कोरडा कोण जातो? चहाला जाताना नमस्कार आणि ‘हाय’, येताना नमस्कार आणि ‘हाय’. देवळातल्या घंटेसारखं. फाइलींना वजन काही नाही, पण पाट प्रत्येकीला एक.

एका दमात पुसायला गेले तर यादी फार लांब आहे म्हणून कमांडच अडली. मग जुन्यापासून थोड्या थोड्या पुसत आणल्या. अखेर बोर्डावरचे आकडे हलले. हिरवेच होते, पण ताजे. देवा रे!

सुपरवायझरने बोलावलेली माणसं बाहेर येऊ लागली तशा नव्या फाइली पडायला लागल्या. एक आली, दुसरी आली, यांचा नंबर नाही. आणखी आल्या. तरी नाही. मी नखं खात स्क्रीनकडे बघत राहिले. सगळ्यात शेवटी यांची ‘हाय’ आली, आणि तिच्या पाठोपाठ लगेच दुसरी.

संध्याकाळी चहा देताना तावातावाने म्हटलं, “प्रोग्राम बदललाय आता. कितीही दाबा, एका माणसाला एकच फाइल. पण आज दोनदा कशाला दाबलंत?”

“पयलं दाबलं तवा तुझं लक्ष नसलं तर?”

मी तडक स्वयंपाकघरात गेले. डोळे पुसत होते तोच सासूबाईंनी विचारलं, “आलं का गो नेट?”

“व्हय,” म्हटलं, “आलं.”